तागाएरी आणि तारोमेनाने

तागाएरी आणि तारोमेनाने हे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या पूर्व भागात, अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनात राहणारे दोन आदिवासी समूह आहेत. बाहेरच्या समाजाशी संबंध न ठेवता जगण्याचा मार्ग त्यांनी निवडला असून इक्वेडोरच्या संविधानात अशा समूहांचा उल्लेख ‘स्वेच्छेने अलिप्त राहणारे लोक’ असा केला आहे. त्यांच्या वावराचा प्रदेश यासुनी राष्ट्रीय उद्यानात व त्यालगतच्या जंगलात पसरलेला आहे. याच प्रदेशाच्या भूगर्भात खनिज तेलाचे मोठे साठे आहेत. त्यामुळे या समूहांच्या अस्तित्वाचा प्रश्न इक्वेडोरच्या तेलधोरणाशी जोडला गेला आहे.

१९९९ साली या समूहांसाठी राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. २००८ च्या संविधानाने त्यांच्या भूमीवर सर्व प्रकारच्या खनिज उत्खननास मनाई केली. २०२३ च्या राष्ट्रीय सार्वमतात यासुनीतील एका ब्लॉकमधील तेल जमिनीतच ठेवण्याच्या बाजूने कौल मिळाला. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या समूहांच्या प्रकरणात दिलेला निकाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. स्वेच्छेने अलिप्त राहणाऱ्या लोकांच्या हक्कांविषयी त्या न्यायालयाने दिलेला हा पहिला निकाल आहे.

नाव, भाषा आणि लोकसंख्या

तागाएरी हे मूळचे वाओरानी जमातीतील एक कुल होय. तागाए नावाच्या प्रमुखावरून त्यांना हे नाव पडले असून त्याचा अर्थ ‘तागाएची माणसे’ असा होतो. तारोमेनाने हे वाओरानींशी भाषा व संस्कृतीने जवळचे असले तरी वेगळे लोक मानले जातात. ‘तारोमेनाने’ हे नावही वाओरानींच्या बोलण्यातूनच बाहेर आले आहे.

वाओरानींची भाषा वाओ तेरेरो ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी एकाकी भाषा आहे. ‘वाओरानी’ या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ असा असून परक्यांना ते ‘कोवोरी’ म्हणतात. पूर्वी बाहेरचे लोक वाओरानींना ‘आउका’ म्हणत. किच्वा भाषेत या शब्दाला रानटी किंवा शत्रू असा अर्थ असल्याने तो आता अवमानकारक मानला जातो.

या समूहांची शिरगणती झालेली नाही व त्यांच्या अलिप्ततेमुळे ती होऊही शकत नाही. हवाई पाहणीत दिसलेली घरे व शेताचे तुकडे, जंगलात सापडणारे भाले व पावलांचे ठसे आणि शेजारच्या वाओरानी वस्त्यांतील लोकांचे कथन यांवरून त्यांच्या वावराची माहिती गोळा केली जाते. अशा माहितीवर आधारलेले बहुतेक अंदाज एकूण संख्या काहीशे व्यक्तींच्या आतच ठेवतात.

प्रदेश

वाओरानींचा पारंपरिक प्रदेश उत्तरेस नापो व दक्षिणेस कुराराय या नद्यांच्या दरम्यान असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस किलोमीटर होते. आज हा भाग इक्वेडोरच्या ओरेयाना, पास्तासा व नापो या प्रांतांत येतो. पूर्वेस पेरूची सरहद्द आहे.

या प्रदेशाचा मोठा भाग १९७९ मध्ये स्थापन झालेल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. सुमारे दहा लाख हेक्टरांचे हे उद्यान इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र आहे. १९८९ मध्ये युनेस्कोने ते जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केले. जैवविविधतेच्या दृष्टीने यासुनी जगातील सर्वांत समृद्ध जंगलांपैकी एक समजले जाते. तेथील एका हेक्टरात वृक्षांच्या ६५० हून अधिक जाती नोंदवण्यात आल्या आहेत.

जीवनपद्धती

तागाएरी व तारोमेनाने हे अर्धभटके शिकारी व संकलक आहेत. ते जंगलात छोटी जागा मोकळी करून कसावा व केळी लावतात, ताडाची फळे गोळा करतात आणि माकडे, पक्षी व रानडुकरे यांची शिकार करतात. भाले कठीण ताडाच्या लाकडापासून बनवले जातात. झाडांवरील प्राण्यांच्या शिकारीसाठी लांब फुंकनळी व विष लावलेले बाण वापरतात. घरे लांबट व ताडाच्या पानांनी शाकारलेली असून एका घरात अनेक कुटुंबे राहतात.

शिकार व फळांच्या हंगामानुसार हे समूह एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातात आणि सोडलेल्या जागी काही काळाने परत येतात. त्यामुळे त्यांची लोकसंख्या लहान असली तरी त्यांना लागणारा प्रदेश मोठा असतो. एखाद्या ठिकाणी एका पाहणीत माणसे आढळली नाहीत, म्हणून ती जागा त्यांच्या वापरात नाही असे ठरत नाही. तेल उत्खननाच्या परवानग्यांविषयीच्या वादात हा मुद्दा वारंवार उपस्थित झाला आहे.

इतिहास

रबराचा काळ व पहिले तेल सर्वेक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी रबराच्या व्यापाराने पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये मोठी उलथापालथ झाली. रबर गोळा करण्यासाठी आदिवासींना पकडून नेले जाई, वस्त्यांवर छापे घातले जात आणि बाहेरचे रोग पसरत. वाओरानींचे परक्यांशी असलेले वैर या अनुभवातून अधिक तीव्र झाले, असे अभ्यासक मानतात.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस शेल कंपनीने या भागात तेलाचा शोध सुरू केला. त्या कामावरील मजूर व वाओरानी यांच्यात झालेल्या चकमकींत दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली. १९५० च्या सुमारास शेलने हे काम सोडले. पास्तासा प्रांतातील तिच्या तळाभोवती वसलेल्या गावाला आजही शेल हेच नाव आहे.

मिशनरी संपर्क व स्थलांतर

जानेवारी १९५६ मध्ये कुराराय नदीकाठी उतरलेल्या पाच अमेरिकी मिशनऱ्यांना वाओरानींनी भाल्यांनी ठार केले. १९५८ मध्ये मृतांपैकी एकाची बहीण रेचेल सेंट व दुसऱ्याची पत्नी एलिझाबेथ एलियट यांनी वाओरानींशी शांततेने संपर्क साधला. वैरातून पळून बाहेर आलेली दायुमा ही वाओरानी स्त्री या कामी दुभाषी होती.

१९६७ मध्ये उत्तरेकडील लागो आग्रियो येथे टेक्साको व गल्फ या कंपन्यांच्या संघाला तेल सापडले. पुढील काही वर्षांत वाओरानींच्या विखुरलेल्या कुलांना मिशनऱ्यांच्या प्रयत्नांनी तिवेनो नदीकाठच्या एका लहान संरक्षित पट्ट्यात आणण्यात आले. त्यामुळे तेलशोधासाठी मोठा प्रदेश मोकळा झाला. एकमेकांचे शत्रू असलेले गट एकाच जागी आल्याने आणि रोगप्रतिकारशक्ती नसलेले लोक दाटीवाटीने राहू लागल्याने हा पट्टा रोगराईस बळी पडला. १९६९ मध्ये तेथे पोलिओची साथ येऊन अनेकांचा मृत्यू झाला व अनेकांना कायमचे अपंगत्व आले.

तागाएरींचे विलग होणे

१९६० च्या दशकाच्या अखेरीस तागाए व त्याच्या नातलगांनी मिशनच्या वस्तीत जाण्यास नकार दिला आणि ते पूर्वेकडील घनदाट जंगलात निघून गेले. मिशनच्या वस्तीत जे घडत होते ते पाहून घेतलेला हा निर्णय होता. त्यामुळे ‘अद्याप संपर्क न झालेले लोक’ हा शब्दप्रयोग त्यांना लागू होत नाही, असे मानववंशशास्त्रज्ञ सांगतात. संपर्क म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते व त्यांनी तो नाकारला. ‘स्वेच्छेने अलिप्त’ ही संज्ञा रूढ होण्यामागे अशीच उदाहरणे आहेत.

लागो आग्रियोच्या परिसरातील तेतेते या जमातीची कथा वेगळी आहे. तेलयुग सुरू झाले तेव्हा तिची मोजकीच माणसे उरली होती. आज ही जमात नामशेष झाल्याचे मानले जाते.

तेल उद्योगाचा विस्तार

१९७२ मध्ये अँडीज पर्वत ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत जाणारी सुमारे ५०० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी पूर्ण झाली आणि इक्वेडोर तेल निर्यात करणारा देश बनला. तेव्हापासून तेल हा देशाच्या निर्यातीचा व सरकारी उत्पन्नाचा एक प्रमुख आधार राहिला आहे.

कोका शहरापासून दक्षिणेकडे वाओरानी प्रदेशात जाणारा रस्ता तेल कंपनीने १९७० च्या दशकात बांधला. त्याला ‘विया आउका’ हे नाव पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस देशाच्या इतर भागांतील शेतकरी व शुआर आदिवासी येऊन वसले. १९९० च्या दशकात मॅक्सस या अमेरिकी कंपनीने ब्लॉक १६ मध्ये थेट यासुनी उद्यानातून रस्ता काढला. हा ब्लॉक पुढे रेप्सोल या स्पॅनिश कंपनीकडे गेला.

१९९० मध्ये सरकारने वाओरानींना सहा लाख हेक्टरांहून अधिक जमिनीची सामुदायिक मालकी दिली. मात्र इक्वेडोरच्या कायद्यानुसार भूगर्भातील संपत्ती राज्याच्या मालकीची असते. त्यामुळे जमिनीची मालकी मिळाल्यानंतरही तेल उत्खनन थांबवण्याचा अधिकार वाओरानींना मिळाला नाही.

तेल उत्खननाचे परिणाम

अलिप्त समूहांना असलेला सर्वांत मोठा धोका रोगसंसर्गाचा आहे. सर्दी, फ्लू, गोवर यांसारख्या रोगांविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नसते. पेरूमधील नाहुआ जमातीचा १९८४ मध्ये लाकूडतोड्यांशी संपर्क आला. त्या लाकूडतोड्यांनी तेलशोधासाठी काढलेल्या वाटांचा उपयोग केला होता. त्यानंतरच्या काही वर्षांत श्वसनाच्या रोगांनी जमातीतील जवळजवळ निम्मे लोक दगावले. एखादी विहीर लहान असली आणि तेथे गळती झाली नाही, तरी तिच्यासाठी आलेल्या माणसांमुळे हा धोका निर्माण होतो.

दुसरा परिणाम आवाजाचा आहे. भूकंपीय सर्वेक्षणातील स्फोट, हेलिकॉप्टर, जनित्रे व पंप यांच्या आवाजाने शिकारीचे प्राणी दूर जातात. प्राण्यांमागे माणसांनाही जावे लागते आणि ती दुसऱ्या गटाच्या क्षेत्रात शिरतात. अशा रीतीने जुनी वैरे नव्याने पेट घेतात.

तिसरा परिणाम रस्त्यांचा आहे. तेलासाठी काढलेल्या रस्त्यांवरून आणि नद्यांवरून बेकायदा लाकूडतोडे, शिकारी व नवे वसाहतकार आत येतात. विहिरींतून तेलासोबत वर येणारे खारे व दूषित पाणी, तेलगळती आणि वायू जाळण्याच्या ज्वाळा यांमुळे पाणी व हवा यांचे प्रदूषण होते. नदी-ओढ्यांच्या पाण्यावर थेट अवलंबून असलेल्या लोकांना त्याची झळ आधी पोहोचते.

हिंसक घटना

१९७७ मध्ये तागाएरींनी तीन तेल कामगारांना भाल्यांनी ठार केले. जुलै १९८७ मध्ये स्पेनमधून आलेले कापुचिन पंथाचे बिशप आलेहांद्रो लाबाका आणि कोलंबियन जोगीण इनेस आरांगो हे तागाएरींच्या घराजवळ हेलिकॉप्टरमधून उतरले. तेल कंपन्यांची पथके तेथे पोहोचण्यापूर्वी तागाएरींशी शांततेने बोलणे व्हावे आणि रक्तपात टळावा, असा त्यांचा हेतू होता. तागाएरींनी दोघांनाही भाल्यांनी मारले. या घटनेनंतर त्या भागातील तेलशोधाचे काम थांबवण्यात आले.

मे २००३ मध्ये काही वाओरानी योद्ध्यांनी तारोमेनानेंच्या एका घरावर हल्ला केला. त्यात वीसहून अधिक माणसे मारली गेल्याचा अंदाज असून मृतांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. या हल्ल्यामागे जुने वैर होते. बेकायदा लाकूड व्यापाऱ्यांनीही त्याला चिथावणी दिल्याचा आरोप झाला. ऑगस्ट २००९ मध्ये तेलक्षेत्राजवळच्या लोस रेयेस या वसाहतीत एक स्त्री व तिची दोन मुले भाल्यांच्या हल्ल्यात मरण पावली. ही जागा अलिप्त समूहांसाठी आखलेल्या क्षेत्राच्या बाहेर होती. या समूहांचा वावर नकाशावरील रेषेपलीकडेही आहे, याचा तो पुरावा असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले.

मार्च २०१३ मध्ये ब्लॉक १६ मधील एका वाओरानी वस्तीजवळ एक वृद्ध दांपत्य तारोमेनानेंच्या हल्ल्यात मारले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मृतांच्या नातलगांनी जंगलात जाऊन तारोमेनानेंचे घर शोधले व तेथील लोकांची हत्या केली. मृतांची संख्या तीसच्या आसपास असावी, असे सांगितले जाते. हल्लेखोरांनी दोन लहान मुलींना सोबत आणले. दोन्ही हल्ल्यांच्या मधल्या दिवसांत बदल्याची तयारी चालू असल्याचे उघड असूनही सरकारने तो रोखला नाही, अशी टीका झाली. या घटनेवर मिगेल आंखेल काबोदेविया व मिलाग्रोस आगिरे यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या वितरणावर सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने बंदी घातली होती. थोड्याच अवधीत ती उठवण्यात आली.

कायदेशीर संरक्षण

अबाधित क्षेत्र

१९९९ मध्ये सरकारने अध्यादेश काढून तागाएरी-तारोमेनाने अबाधित क्षेत्र घोषित केले. त्यात तेल उत्खनन, खाणकाम व लाकूडतोड यांना कायमची मनाई करण्यात आली. मात्र क्षेत्राच्या प्रत्यक्ष सीमा ठरण्यास २००७ साल उजाडले. साडेसात लाख हेक्टरांहून अधिक असलेल्या या क्षेत्राभोवती १० किलोमीटर रुंदीचा संरक्षक पट्टाही आखण्यात आला. सीमा ठरवताना आधीच दिलेले काही तेल ब्लॉक बाहेर ठेवण्यात आल्याचा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला.

फेब्रुवारी २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी हे क्षेत्र किमान ५०,००० हेक्टरांनी वाढवण्यास मोठ्या बहुमताने संमती दिली. त्यानुसार २०१९ मध्ये ते सुमारे ६०,००० हेक्टरांनी वाढवण्यात आले. याच अध्यादेशाने संरक्षक पट्ट्यात तेलविहिरींचे तळ उभारण्यास वाव दिला होता. ही तरतूद घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली.

२००८ चे संविधान

इक्वेडोरच्या २००८ च्या संविधानातील कलम ५७ नुसार स्वेच्छेने अलिप्त राहणाऱ्या लोकांची भूमी ही त्यांची पिढीजात मालमत्ता असून तिच्यात घट करता येत नाही. तेथे सर्व प्रकारच्या उत्खननास बंदी आहे. या लोकांच्या हक्कांचे उल्लंघन हा त्यांच्या वंश व संस्कृतीच्या संहाराचा गुन्हा ठरतो.

मात्र याच संविधानातील कलम ४०७ संरक्षित क्षेत्रांतील उत्खननावर बंदी घालताना एक अपवादही ठेवते. राष्ट्राध्यक्षांनी विनंती केल्यास व राष्ट्रीय संसदेने ते राष्ट्रहिताचे असल्याचे ठरवल्यास उत्खनन करता येते. पुढील काळातील बहुतेक वाद या दोन कलमांतील ताणातून निर्माण झाले.

संमतीचा प्रश्न

आदिवासींच्या भूमीवर प्रकल्प उभारण्यापूर्वी त्यांच्याशी सल्लामसलत करावी, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारात मांडले आहे. इक्वेडोरने हा करार १९९८ मध्ये स्वीकारला. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व आले. याच आधारावर सारायाकू येथील किच्वा लोकांनी २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयात, तर पास्तासातील वाओरानींनी २०१९ मध्ये देशातील न्यायालयात सरकारविरुद्धचे खटले जिंकले. वाओरानींच्या लढ्याच्या नेत्या नेमोन्ते नेन्किमो यांना २०२० चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

अलिप्त समूहांच्या बाबतीत मात्र हे तत्त्व अपुरे पडते. सल्लामसलत करायची तर संपर्क करावा लागतो आणि संपर्कातूनच त्यांच्या जिवाला धोका पोहोचतो. म्हणून त्यांचे अलिप्त राहणे हाच त्यांचा नकार समजावा, असा विचार पुढे आला. ब्राझीलच्या आदिवासी व्यवहार संस्थेने १९८७ मध्येच अलिप्त जमातींशी स्वतःहून संपर्क न करण्याचे धोरण स्वीकारले होते. असंपर्काचे हे तत्त्व नंतर संयुक्त राष्ट्रे व आंतर-अमेरिकी संस्थांच्या मार्गदर्शक सूत्रांतही आले.

यासुनी-आयटीटी योजना

यासुनी उद्यानाच्या पूर्व टोकाला इश्पिंगो, ताम्बोकोचा व तिपुतिनी ही तेलक्षेत्रे आहेत. त्यांच्या आद्याक्षरांवरून या भागाला आयटीटी किंवा ब्लॉक ४३ म्हणतात. तेथे सुमारे ८४.६ कोटी बॅरल जड तेल असल्याचा अंदाज होता.

२००७ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री आल्बेर्तो आकोस्ता यांच्या पुढाकाराने हे तेल जमिनीतच ठेवण्याचा प्रस्ताव आला आणि राष्ट्राध्यक्ष राफायेल कोरेया यांनी तो जगापुढे मांडला. तेलातून मिळू शकणाऱ्या उत्पन्नाच्या सुमारे निम्मी, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर इतकी रक्कम आंतरराष्ट्रीय समुदायाने १३ वर्षांत द्यावी, असा हा प्रस्ताव होता. त्यामुळे ४० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळेल आणि जंगल व अलिप्त समूह यांचे रक्षण होईल, असे सांगण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाच्या देखरेखीखाली यासाठी निधी स्थापन झाला.

अपेक्षित रक्कम जमली नाही. प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम सुमारे १.३ कोटी डॉलर होती. १५ ऑगस्ट २०१३ रोजी कोरेया यांनी योजना संपल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरमध्ये संसदेने ब्लॉक ३१ व ४३ मधील उत्खनन राष्ट्रहिताचे ठरवले. या दोन ब्लॉकमध्ये अलिप्त समूहांचा वावर आढळत नसल्याचा अहवाल सरकारने संसदेपुढे ठेवला होता. आधीच्या सरकारी नकाशांशी तो जुळत नसल्याने त्यावर टीका झाली. ब्लॉक ४३ मधून २०१६ मध्ये तेलाचे उत्पादन सुरू झाले.

२०२३ चे सार्वमत

योजना रद्द होताच ‘यासुनिदोस’ या नावाने एकत्र आलेल्या युवक, पर्यावरणवादी व आदिवासी कार्यकर्त्यांनी सार्वमताची मागणी केली. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी साडेसात लाखांहून अधिक सह्या सादर केल्या. निवडणूक परिषदेने त्यांतील निम्म्याहून अधिक सह्या बाद ठरवल्या व मागणी फेटाळली. त्यानंतर नऊ वर्षे न्यायालयीन लढा चालला. मे २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सार्वमतास परवानगी दिली.

२० ऑगस्ट २०२३ रोजी अध्यक्षीय निवडणुकीसोबत मतदान झाले. ब्लॉक ४३ मधील तेल कायमचे जमिनीत ठेवण्याच्या बाजूने सुमारे ५९ टक्के मते पडली. त्या वेळी हा ब्लॉक दिवसाला सुमारे ५५,००० बॅरल, म्हणजे देशाच्या उत्पादनाच्या दहा टक्क्यांहून अधिक तेल देत होता. इतके उत्पादन चालू असलेले तेलक्षेत्र जनमताने बंद करण्याचा निर्णय ही जगातील दुर्मीळ घटना मानली जाते.

न्यायालयाने काम आवरण्यास एक वर्षाची मुदत दिली होती. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियेल नोबोआ यांनी संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या खर्चाचे कारण देऊन अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलण्याचा विचार बोलून दाखवला. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली विहीर बंद करण्यात आली. ब्लॉकमध्ये २४० हून अधिक विहिरी असून त्या सर्व बंद करण्यास २०२९ अखेरपर्यंतचा काळ लागेल, असे सरकारने सांगितले.

आंतर-अमेरिकी न्यायालयाचा निकाल

२००६ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने तागाएरी व तारोमेनाने यांच्या रक्षणासाठी तातडीचे उपाय योजण्यास इक्वेडोरला सांगितले. त्यांच्या प्रदेशात बाहेरच्यांचा प्रवेश रोखणे हा त्यातील मुख्य भाग होता. त्यानंतरही हत्या घडल्या. आयोगाने २०२० मध्ये हे प्रकरण न्यायालयाकडे सोपवले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल १३ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला.

न्यायालयाने इक्वेडोरला सामुदायिक मालमत्ता, स्वयंनिर्णय, सन्मानाचे जीवन, आरोग्य, सांस्कृतिक ओळख व निरोगी पर्यावरण या हक्कांच्या भंगासाठी जबाबदार धरले. हत्या रोखण्यात राज्य कमी पडले, तसेच २०१३ मध्ये जंगलातून आणलेल्या दोन मुलींच्या हक्कांचेही रक्षण झाले नाही, असा निष्कर्ष काढला. असंपर्काच्या तत्त्वासोबत न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्वही लागू केले. त्यानुसार एखाद्या जागी अलिप्त लोक आहेत की नाहीत याविषयी शास्त्रीय खात्री नसली, तरी ती अनिश्चितता संरक्षण नाकारण्याचे कारण ठरू शकत नाही. २०२३ च्या सार्वमताची अंमलबजावणी करावी आणि अबाधित क्षेत्राच्या पुरेसेपणाचा व संरक्षणाच्या उपायांचा आढावा घेणारी यंत्रणा उभारावी, असे आदेशही देण्यात आले.

मतभेद

उत्खननाच्या समर्थकांच्या मते इक्वेडोरसारख्या कर्जबाजारी देशाला शाळा, आरोग्य व सुरक्षा यांसाठी तेलाच्या उत्पन्नाची गरज आहे. सरकारी कंपनी पेट्रोइक्वेडोरने सार्वमतापूर्वी वीस वर्षांत १३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान होईल असा इशारा दिला होता. विरोधकांनी हा आकडा फुगवलेला असल्याचे सांगितले. तेथील तेल जड प्रतीचे, काढण्यास खर्चीक व कमी भावाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मतभेद आदिवासींमध्येही आहेत. ब्लॉकलगतच्या काही वाओरानी व किच्वा वस्त्यांना तेल कंपनीकडून रोजगार, दवाखाने व शाळा मिळत असल्याने त्यांनी उत्खनन थांबवण्यास विरोध केला. ब्लॉक ज्या ओरेयाना प्रांतात आहे, तेथील मतदारांनीही बहुमताने विरोधी कौल दिला. तेलामुळे शिकार व पाणी यांची हानी झाल्याचे सांगणाऱ्या वाओरानी संघटना मात्र बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या. तेल बंद झाल्यावर स्थानिक लोकांच्या आरोग्य व शिक्षणाची जबाबदारी राज्याने घेतली नाही, तर बंदीला स्थानिक आधार मिळणार नाही, याकडे दोन्ही बाजूंचे अभ्यासक लक्ष वेधतात.

ब्लॉक ४३ बंद झाला तरी यासुनीतील इतर ब्लॉकमधील उत्पादन सार्वमताच्या कक्षेबाहेर आहे. पेरूच्या हद्दीत नापो व तिग्रे नद्यांच्या दरम्यानही अलिप्त समूह राहत असल्याचे तेथील आदिवासी संघटना सांगतात आणि त्या भागातही तेल ब्लॉक आहेत. जंगलातील समूह ही सरहद्द पाळत नसल्याने एका देशातील संरक्षण दुसऱ्या देशाच्या धोरणावरही अवलंबून राहते.

हे सुद्धा पहा

वाओरानी लोक
यासुनी राष्ट्रीय उद्यान
अ‍ॅमेझॉन वर्षावन
इक्वेडोरचे संविधान
आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय